काटा वर का जातो? जुन्या गाडीतलं ओव्हरहीटिंग आणि कूलंटची गळती शोधताना

‘गाडी गरम होते’ एवढंच सांगून गॅरेजमध्ये गाडी लावली, तर मेकॅनिक थर्मोस्टॅटपासून (इंजिन तापल्यावर कूलंटला, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाला, रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) सुरुवात करील नाहीतर हेड गॅस्केटपासून (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग), आणि दोन्ही वेळा तो अंदाजच असेल. गाडी कधी गरम होते, हे सांगितलं की अर्धं निदान तिथेच होतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी चार दिवस नुसतं लक्ष ठेवा.

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढतो आणि हायवेला लागल्यावर खाली येतो? मग संशय फॅनवर. वेगात समोरचा वारा फॅनचं काम करतो, उभ्या गाडीत ते करायला कोणी नसतं. उलट, गावात ठीक चालते आणि ८०-९० च्या वेगाला तापते, तर वारा भरपूर आहे पण कूलंट पुरेसं फिरत नाही: रेडिएटर आतून चोक, वॉटर पंपाची पाती झिजलेली, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, किंवा खालचा होस (रबरी नळी) आतल्या ओढीने चपटा होणारा. फक्त कसारा किंवा खंबाटकीसारख्या घाटात तापत असेल तर बहुधा काहीतरी काठावर आहे. कूलंट अर्धा लिटर कमी असेल, जाळीत माती बसली असेल, किंवा हेड गॅस्केटची सुरुवात असेल. थंड इंजिन चालू केल्यावर पाच मिनिटांतच काटा लाल पट्ट्याकडे गेला, तर सिस्टीम रिकामी आहे, थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलाय, ज्वलनाचा गॅस कूलंटमध्ये शिरतोय किंवा सेन्सर खोटं बोलतोय. काटा वरखाली उड्या मारतो ते आत हवा अडकल्याचं लक्षण.

एक फसवं लक्षण लक्षात ठेवा. चढलेला काटा अचानक खाली आला आणि हीटर लावल्यावर थंड हवा आली, तर सुटकेचा श्वास सोडू नका. कूलंट इतकं कमी झालेलं असू शकतं की सेन्सर त्यात बुडतच नाही. गाडी लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

बऱ्याच छोट्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. लाल दिवा लागतो तोवर उशीर झालेला असतो. अशा गाडीसाठी ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ स्कॅनर स्टिअरिंगखालच्या ओबीडी (तपासणीच्या) सॉकेटला लावा आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान बघा. निरोगी इंजिन साधारण ८५ ते १०० अंशांत खेळतं. एसी लावून मेच्या उन्हात घाट चढताना थोडा वेळ १०५ दिसलं तरी घाबरायचं कारण नाही. ११० ओलांडून चढतच राहिलं तर थांबा. गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोडही वाचून घ्या. पी०२१७ म्हणजे इंजिन खरंच तापलं होतं, पी०११७ आणि पी०११८ म्हणजे सेन्सर किंवा त्याची वायर, आणि पी०१२८ म्हणजे इंजिन हवं तेवढं तापतच नाही. हा शेवटचा कोड जुन्या गाडीत फार बोलका असतो. का, ते पुढे येतं.

हात लावण्याआधी

इंजिन गरम असताना रेडिएटरची किंवा कूलंटच्या बाटलीची कॅप उघडू नका. हे सगळे सांगतात, तरी दर उन्हाळ्यात हात-तोंड भाजून घेणारे असतातच. कॅप साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवते. त्या दाबामुळे साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. कॅप सुटली की दाब एकदम जातो आणि आतलं सगळं त्याच क्षणी वाफ होऊन बाहेर येतं. किमान पाऊण तास थांबा. वरचा जाड होस दाबून बघा. टणक लागला तर अजून थांबा. मग जाड ओलं फडकं टाकून कॅप पहिल्या टप्प्यापर्यंतच फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, आणि मगच काढा.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, वरूनही मारू नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं, झटक्याने गार झालं तर वाकतं किंवा तडकतं. इलेक्ट्रिक फॅन किल्ली काढल्यावरही सुरू होऊ शकतो, म्हणून तिथे हात घालायच्या आधी बॅटरीची मायनस वायर काढा. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात. खाली घमेलं धरा आणि सांडलेलं लगेच धुऊन टाका.

आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय

नव्या गाडीत आपण बिघाड शोधतो, जुन्या गाडीत आधी जुगाड शोधावे लागतात. गाडी विकायच्या आधी गरम होण्याची तक्रार कशीबशी दाबलेली असते, आणि तुमच्या वाट्याला येतो तो मूळ दोष अधिक त्यावरचा उपाय.

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणं. ‘आपल्या हवेत त्याची गरजच नाही’ असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. तो काढला की इंजिन तापायला वेळ लावतं, संगणकाला इंजिन थंडच वाटतं म्हणून तो जास्त इंधन देत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि पी०१२८ येतो. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना मागचा बायपास मार्ग बंद करतो. थर्मोस्टॅटच नसेल तर कूलंटचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच फिरत राहतो, आणि भर चढणीला गाडी जास्तच तापते. ओळखायचं असं: थंड इंजिन सुरू करा आणि वरच्या होसवर हात ठेवा. थर्मोस्टॅट जागेवर असेल तर होस काही मिनिटं गारच राहतो आणि मग अचानक तापतो. नसेल तर पहिल्या मिनिटापासून कोमट होत जातो. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या होसकडे असतो, तिथे ही खूण उलटी पडते. म्हणून आधी तो बसतो कुठे ते बघून घ्या.

दुसरा जुगाड म्हणजे ‘फॅन डायरेक्ट’. किल्ली दिली की फॅन फिरतो, इंजिन थंड असो वा गरम. म्हणजे सेन्सर, रिले (फॅनला वीज जोडणारा स्विच) किंवा वायरिंग खराब आहे आणि ते कोणी शोधलेलं नाही. मोटार सतत फिरून लवकर जाते, आणि ती गेल्याचं तुम्हाला ट्रॅफिकमध्येच कळतं.

तिसरा, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीवर एमसीलचा थर. चौथा, आत टाकलेली हळद किंवा लीक-स्टॉप पावडर. हळद बारीक भोक बुजवते हे खरंच आहे. पण ती रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. कॅपच्या आतल्या बाजूला पिवळट-तपकिरी चिखल बसलेला दिसला, तर गळती होती आणि दाबली गेली असं समजा. पाचवा प्रकार सगळ्यांत साधा: कूलंटऐवजी नळाचं किंवा बोअरचं पाणी. जड पाण्याचे क्षार आत पापुद्रे धरतात, आणि गंजविरोधी द्रव्य नसल्याने लोखंडी ब्लॉक गंजतो. पाणी विटकरी रंगाचं असेल तर हीच कथा.

आणि नंतर बसवलेलं सीएनजी किट असेल तर आधी तिथेच बघा. किटच्या रेड्युसरला (गॅसचा दाब कमी करणारा भाग) ऊब देण्यासाठी हीटरच्या लाइनीत टी जोडून कूलंट आणलेलं असतं. म्हणजे कितीतरी नवे सांधे, तेही बहुधा स्वस्त क्लिपांचे. रेड्युसर रेडिएटरपेक्षा उंच बसवला असेल तर हवा तिथेच अडकते. त्याहून चकवणारी गोष्ट अशी की रेड्युसरचा आतला पडदा फाटला तर गॅस थेट कूलंटमध्ये जातो, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येतात, आणि ‘हेड गॅस्केट गेलं’ असा निकाल लागून इंजिन खोललं जातं. खोलायच्या आधी सीएनजी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गाडी पेट्रोलवर अर्धा तास चालवा. बुडबुडे थांबले तर दोष किटचा.

पातळी नेमकी कुठे बघायची

बाटली भरलेली म्हणजे सिस्टीम भरलेली, हा समज चुकीचा ठरू शकतो. काही गाड्यांत दाबाची कॅप बाटलीवरच असते. तिथे बाटलीतली पातळी खरी. पण कॅप रेडिएटरवर आणि बाजूला साधी प्लास्टिकची बाटली असेल, तर गरम झाल्यावर कूलंट बाटलीत जातं आणि थंड होताना कॅपच्या मधल्या छोट्या व्हॅक्यूम व्हॉल्व्हमधून परत ओढलं जातं. तो व्हॉल्व्ह अडकला, कॅपचं रबर कडक झालं किंवा बाटलीची बारीक नळी चिरली, तर रेडिएटर रिकामा होतो आणि बाटली मात्र काठोकाठ. म्हणून सकाळी थंड इंजिनावर कॅप काढून आत बोट घाला. कूलंट बोटाला वरच लागलं पाहिजे.

कॅप उलटी करून बघा: रबरावर चीर किंवा दाबाची खोल खूण आहे का, मधला छोटा व्हॉल्व्ह नखाने ओढल्यावर उघडून परत बसतो का. नवी घेताना जुन्यावरचा आकडा जुळवा. आधीच्याने चुकीची बसवली असेल म्हणून मॅन्युअलही बघा. जास्त दाबाची कॅप घालणं हा उपाय नव्हे, त्याने पुढचा कमकुवत होस फुटतो.

गळती शोधणं

सकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. थेंब पडला की रंग बघा आणि बोटांत चोळा. कूलंट बुळबुळीत, गोडसर वासाचं असतं. एसी चालवल्यानंतर खाली टपकणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचं असतं. ते पडायलाच हवं.

थेंब पडत नसला तरी गळती नाही असं नाही. गरम भागावर पडलेलं कूलंट वाळून जातं आणि मागे पांढरी, हिरवी किंवा गुलाबी पपडी ठेवतं. टॉर्च घेऊन ती पपडी शोधा: रेडिएटरची प्लास्टिक टाकी आणि ॲल्युमिनियम जाळी जिथे पत्रा दुमडून जोडलेली असते तो काठ, प्रत्येक होसचं टोक, थर्मोस्टॅटचं घर, इंजिनाच्या बाजूच्या गोल झाकण्या (गॅरेजच्या भाषेत डमी). होस पिळून बघा. क्लिपजवळ फुगलेला, तेलाने मऊ पडलेला किंवा दाबल्यावर आतून करकरणारा होस बदला.

वॉटर पंपाला, म्हणजे बरेच मेकॅनिक ज्याला वॉटर बॉडी म्हणतात त्याला, खालच्या अंगाला पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक असतं. आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता बाहेर यावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं आहे. पंप पुलीमागे असल्याने ते दिसत नाही; छोटा आरसा धरून बघावं लागतं. भोकाखाली ओघळाची रेघ असेल तर पंप संपला. ते भोक एमसीलने बुजवलेलंही सापडतं! बुजवलं की कूलंट बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप जाम होतो. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर त्याबरोबर बेल्टही गेला समजा, आणि बहुतेक इंजिनांत मागोमाग व्हॉल्व्ह वाकतात. अशा गाडीत पंप बदलताना बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) त्याच वेळी बदला, मजुरी एकदाच पडते.

डोळ्यांना काही दिसत नसेल तर प्रेशर टेस्टर वापरा. कॅपच्या जागी लावायचा हा हातपंप रेडिएटरवाल्यांकडे असतो. थंड इंजिनावर कॅपवरच्या आकड्याएवढाच दाब भरा आणि १५ मिनिटं थांबा. काटा हलला नाही तर सिस्टीम घट्ट. काटा उतरला आणि बाहेर ओलावा दिसला तर जागा सापडली. काटा उतरतोय पण बाहेर सगळं कोरडं आहे, तर कूलंट तीन ठिकाणी जाऊ शकतं: डॅशबोर्डच्या आतल्या हीटर कोअरमध्ये (पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं, काचेवर चिकट धुकं, गोड वास), सिलिंडरमध्ये, किंवा तेलात. गरम झाल्यावरच उघडणारी बारीक चीर असेल तर कूलंटमध्ये अल्ट्राव्हायोलेट डाय टाकून दोन दिवस गाडी चालवा आणि रात्री यूव्ही टॉर्चने बघा.

फॅन आणि थर्मोस्टॅट

एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत फॅन काही सेकंदांत फिरू लागतो. एसीवर फिरतो पण एसीशिवाय इंजिन १०० च्या वर गेलं तरी फिरत नाही, तर मोटार ठीक आहे. सेन्सर किंवा रिले बघा. मुळीच फिरत नाही, तर आधी फ्यूज, मग शेजारच्या तशाच रिलेशी अदलाबदल, मग मोटारीचा कनेक्टर काढून फ्यूज असलेल्या वायरीने थेट १२ व्होल्ट. फिरतो पण फायदा नाही, तर ग्रिलसमोर कागद धरा. कागद आत ओढला गेला पाहिजे. मोटार बदलताना वायरी उलट जोडल्या गेल्या असतील तर फॅन हवा पुढे फेकतो, आणि बघणाऱ्याला वाटतं फॅन चालू आहे.

एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत डोकावायला विसरू नका. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि मागे माती, किडे, कापूस यांची गादी बसलेली असते. इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या दाबाने पाणी मारा. प्रेशर वॉशर जवळ धरला की पाती झोपतात.

थर्मोस्टॅट तपासायला पातेलं, गॅस आणि थर्मामीटर एवढं पुरतं. त्यावर छापलेला आकडा वाचा, बहुधा ८२ ते ८८ च्या दरम्यान. दोऱ्याने तो पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. छापलेल्या तापमानाच्या एक-दोन अंश अलीकडे-पलीकडे तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळायच्या बेताला आल्यावर सात-आठ मिलिमीटर उघडलेला असला पाहिजे. उघडतो पण गार झाल्यावर पूर्ण मिटत नाही, तोही बाद. बसवताना त्यावरची हलणारी छोटी पिन वरच्या बाजूला ठेवा. अडकलेली हवा तिथून निघते.

हेड गॅस्केट : शेवटचा संशय, पण नीट तपासलेला

थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत, काही तापायच्या आतच, वरचा होस दगडासारखा टणक झाला तर ज्वलनाचा दाब कूलंटमध्ये येतोय. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ मलई दिसली तर लगेच निकाल देऊ नका. कोकणात पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही ती जमते. डिपस्टिक बघा. तिच्यावरचं तेल दूध घातलेल्या चहासारखं असेल तर मात्र पाणी तेलात गेलंय.

खात्रीची चाचणी म्हणजे निळ्या द्रवाची. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा त्या द्रवातून ओढतात. ज्वलनाचा गॅस असेल तर द्रव पेट्रोल गाडीत पिवळा आणि डिझेलमध्ये हिरवट-पिवळा होतो. आधी कूलंटची पातळी थोडी उतरवा. कूलंट द्रवात ओढलं गेलं तर चाचणी वाया जाते. जोडीला स्पार्क प्लग काढून बघा. तीन प्लग तपकिरी आणि एक वाफेने धुतल्यासारखा पांढरा स्वच्छ असेल तर त्याच सिलिंडरमध्ये पाणी जातंय.

डिझेल गाड्यांत आणखी दोन चोर असतात. ऑइल कूलर आतून फुटला तर तेल कूलंटमध्ये येतं आणि हेडला काहीच झालेलं नसतं. ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर गार करणारा भाग) गळला तर कूलंट हवेबरोबर इंजिनात जाऊन जळतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, बाहेर थेंबही नाही. दोन्ही तपासल्याशिवाय हेड उतरवू देऊ नका.

हेड उतरलंच तर नुसतं गॅस्केट बदलून परत बसवू देऊ नका. लेथवाल्याकडे सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) पृष्ठभाग तपासून घ्या. बऱ्याच छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त बाक चालत नाही. त्याहून जास्त असेल तर फेस मारावा (घासून सपाट करावा) लागतो, पण किती घासायचं याला कंपनीची मर्यादा असते. तडा आहे का यासाठी हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या. बोल्ट ताणले जाणारे असतील तर नवे घ्या, आणि टॉर्क रेंचनेच, कंपनीने दिलेल्या क्रमाने आवळायला सांगा.

भरणं आणि हवा काढणं

चुकीचं भरलेलं कूलंट दुरुस्त झालेल्या गाडीलाही तापवतं. जुनं पाणी काढून, स्वच्छ येईपर्यंत फ्लश करा. डबा वाचून घ्या: काँसन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं, तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. रंगावरून जात ठरवू नका. रंगाचा काही एक नियम नाही, आणि वेगळ्या जाती मिसळल्या तर आत गाळ धरू शकतो. छोट्या पेट्रोल कारमध्ये साधारण चार ते पाच लिटर बसतं. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा दीड लिटर कमी बसलं, तर हवा आत आहे किंवा जुनं पाणी पूर्ण निघालेलं नाही.

गाडीचं तोंड चढावर घ्या, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि सावकाश भरा. कॅप न लावता इंजिन आयडलवर चालू द्या. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, थोडं थोडं घालत राहा. वरचा होस गरम झाला आणि हीटरमधून सलग गरम हवा आली की कॅप लावा. फॅन दोनदा चालू-बंद होऊ द्या.

रात्रभर गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा. पहिल्या दिवशी थोडी उतरतेच. मग बाटलीवर मार्करने रेघ मारा आणि पुढचे १५ दिवस रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, ती रेघ बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांनंतरही पातळी रेघेखाली जात असेल तर वरून भरून चालवत राहू नका, प्रेशर टेस्टर पुन्हा लावा.